एक्सपोर्टला लावलं की मशीन बंद: कार्ड बदलण्याआधी हे बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं: विट्याजवळ मळ्यात घर, घरातच लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग. आय-७ १३७०० प्रोसेसर, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस (मशीनच्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि ६०० व्हीएचा यूपीएस. फुल एचडी प्रोजेक्ट प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये रात्री एक्सपोर्टला, म्हणजे तयार फाइल बाहेर काढायला, लावून झोपता आणि सकाळी उठून बघता तर मशीन गार. कधी ३० टक्क्यांवर गेलेलं, कधी ७० वर. विंडोज दोनदा टाकून झालं. आता दुकानदार म्हणतो, ग्राफिक्स कार्ड बदला.

कार्डाला एवढ्यात हात लावू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे.

मशीन मरण्याचे प्रकार वेगवेगळे असतात. प्रीमिअर एकटंच बंद पडतं आणि विंडोज चालू राहतं, तेव्हा बहुतेक वेळा क्लिप, इफेक्ट, प्लगइन किंवा ड्रायव्हरची भानगड असते. निळा स्क्रीन आला तर ड्रायव्हर, रॅम किंवा प्रोसेसर. आणि फटकन अंधार झाला, जसं कुणी पिन उपसली, तर आधी वीज आणि मग उष्णता. दुसरी गोष्ट, दरवेळी एकाच जागी थांबतं का? एकाच फ्रेमवर थांबत असेल तर तिथली क्लिप तपासायची. तुमचं ३० वर, ७० वर, कुठंही थांबतंय. असा दोष प्रोजेक्टमध्ये सहसा नसतो, आणि विंडोज दहा वेळा टाकलं तरी जात नाही.

खात्री करायची तर विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. रात्रीच्या त्या वेळेला ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद दिसेल. ती बघून लोक घाबरतात, पण तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. कारण ती सांगत नाही. तिच्या डिटेल्समध्ये जाऊन ‘बगचेककोड’ बघा. तो शून्य असेल तर विंडोजला निळा स्क्रीन नोंदवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीजच तुटली असं धरून चाला. शून्य नसेल तर तो आकडा मला कळवा. आणि ४१ च्या जागी १०७४ दिसला तर हसू नका, पण विंडोजने अपडेटसाठी स्वतःच रीस्टार्ट घेतलेला असू शकतो. असेही दोघे जण माझ्याकडे मशीन घेऊन आले होते.

आता हिशेब करू. तुमचा प्रोसेसर नावाला ६५ वॉटचा, पण टर्बोमध्ये, म्हणजे ताण आल्यावर वेग वाढवतो तेव्हा, २१९ वॉटपर्यंत जाऊ शकतो. कार्ड १७० वॉटचं. झाले ३८९. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे पन्नासेक धरले तर ४४० च्या आसपास, आणि मॉनिटर यूपीएसवरच असेल तर तो वेगळा. एक्सपोर्टमध्ये दोन्ही भाग सतत शंभर टक्के ताणले जात नाहीत, पण क्षणभर एकत्र ताणले गेले तरी पुरतं. ३०६० साठी कंपनीच ५५० वॉटचा सप्लाय सांगते, आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवरचे ४५० वॉट मी तरी खरे धरत नाही. वर ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो.

टाइमलाइनवर आपण कट मारतो, थांबतो, चहा पितो, तेवढ्यात मशीनही दम खातं. एक्सपोर्टला दम खायला सवडच नाही. त्यात मळ्यातली लाइन. रात्री मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, यूपीएस टक-टक करायला लागतो. पार खाली गेलं की तो बॅटरीवर जातो, आणि बॅटरीवर गेल्या गेल्या ओव्हरलोड म्हणून हात वर करतो. तुम्ही झोपलेले असता, म्हणून ती टक-टक तुम्हाला ऐकू येत नाही.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलोय. काही वर्षांपूर्वी ऐन लगीनसराईत माझं मशीन असंच जायचं. एका जाणत्या माणसाच्या सांगण्यावरून नवं कार्ड घेतलं. तरी तेच. शेवटी एका रात्री टेबलाखाली पाय ताणला तर अंगठ्याला यूपीएस चटकला, इस्त्रीसारखा तापला होता. सकाळी मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला लावलं आणि दोन तास चाळीस मिनिटांचं लग्न एका दमात बाहेर पडलं. कार्डाचे पैसे गेले ते गेलेच.

तर आज पैसे न घालता दोन चाचण्या करा. पहिली, दिवसा लाइट स्थिर असताना यूपीएस बाजूला ठेवून अर्थिंग असलेल्या सॉकेटवरून थेट एक्सपोर्ट. चाचणीपुरतंच, कायमचं नको. दुसरी, पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ करा. टर्बो बंद होतो, एक्सपोर्टला वेळ जास्त लागतो, पण ओढ बरीच कमी होते. पहिलीत पास झालं तर यूपीएस. पहिलीत नापास आणि दुसरीत पास, तर एसएमपीएस किंवा उष्णता.

उष्णता बघायला एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून एक्सपोर्ट लावा. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश. तिथं तो आधी वेग कमी करतो, लगेच बंद पडत नाही. पण पहिल्या दोन मिनिटांतच शंभरला भिडत असेल तर कूलर उघडाच. आपल्याकडे गळीत हंगामात कारखान्याची काजळी उडते, ती धुळीबरोबर कूलरच्या पात्यांत नमद्यासारखी बसते, आणि त्यावर मे महिना येतो. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, गरगरू देऊ नका. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळून खडू झाली असेल तर नवी लावा.

एवढं करूनही निळे स्क्रीन येत राहिले, तर तुमच्या प्रोसेसरबद्दल एक गोष्ट माहीत हवी. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या ६५ वॉट व त्यावरच्या डेस्कटॉप चिप्समध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती. २०२४ मध्ये कंपनीनं ते मान्य केलं, मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) काढला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १३७०० त्यात येतो. बोर्डाच्या साइटवरून ताजी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, मायक्रोकोड त्यातूनच येतो) टाका. मात्र चिप आधीच बिघडली असेल तर बायोसनं ती बरी होत नाही, बदलूनच घ्यावी लागते, म्हणून बिल सांभाळा. बायोस टाकताना लाइट जाता कामा नये, हे मळ्यातल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. रॅमसाठी एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग) बंद करून मेमटेस्ट ८६ ही रॅमची चाचणी रात्रभर. एकही एरर आली तर एकेक पट्टी काढून परत.

सॉफ्टवेअरच्या बाजूचं थोडक्यात. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये रेंडरर ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ आणि एक्सपोर्टमध्ये एन्कोडिंग ‘सॉफ्टवेअर’ करून बघा. तसं नीट निघालं तर कार्डाकडे, म्हणजे आधी त्याच्या ड्रायव्हरकडे संशय जातो. जुना ड्रायव्हर साफ काढून एनव्हीडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर टाका. पाहुण्यांच्या मोबाइलच्या क्लिप बदलत्या फ्रेमरेटच्या असतात, त्या हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून एकसारख्या फ्रेमरेटच्या (कॉन्स्टंट) करूनच टाइमलाइनवर घ्या. अल्बमचे ६००० बाय ४००० चे फोटो तसेच टाकू नका. एकेक फोटो मेमरीत उघडला की जवळपास १०० एमबी होतो. आणि गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर थेट एक्सपोर्ट करू नका. तो फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर एकेक फाइल ४ जीबीला अडते, म्हणजे १६ एमबीपीएसला साधारण पस्तिसाव्या मिनिटाला. त्याला क्रॅश म्हणून मशीन उघडणारेही पाहिलेत.

मला विचाराल तर ६५० वॉटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस आणि किमान १००० व्हीएचा यूपीएस, इतकाच खर्च निघेल. दोन्ही मिळून नव्या कार्डापेक्षा स्वस्त. पण आधी त्या दोन चाचण्या करा, आणि बगचेककोड काय आला ते इथंच लिहा. तोवर ज्यांची डिलिव्हरी अडली आहे त्यांचं लग्न वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत, दिवसा, ९९ टक्क्यांवर काढून घ्या.