वाचक विचारतात: डब्ल्यू१२४ मध्ये एवढं काय आहे?

प्रश्न: यूट्यूबवर जो तो जुन्या डब्ल्यू१२४ ला, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या ई-क्लासला, 'शेवटची खरी मर्सिडीज' म्हणतो. मला तर ती चौकोनी डबा वाटते. यात डिझाइन केलं तरी काय? (सांगली)

उत्तर: समोरून डबा दिसते, मान्य. पण वरून काढलेला फोटो शोधा, मागे जाता जाता बॉडी निमुळती होत गेलेली दिसेल. हे सगळं हवेसाठी. गाडीचं काम सुरू झालं सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, १९७३ चा तेलाचा झटका ताजा होता आणि काम चालू असतानाच १९७९ चा दुसरा बसला, त्यामुळे वजन कमी करा आणि हवेचा विरोध कमी करा, याच दोन गोष्टींवर सगळा जोर. त्यात १९८२ ला ऑडी १०० आली, तिचा ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या विरोधाचा आकडा ०.३० (जितका कमी तितका चांगला), म्हणजे श्टुटगार्टवाल्या मर्सिडीजला मागे राहून चालणारच नव्हतं. १९८४ च्या शेवटी डब्ल्यू१२४ आली ती मॉडेलप्रमाणे त्याच ०.३० च्या आसपास, काही मॉडेल थोडी खालीही.

आता डिक्की बघा. तिचं झाकण खाली अरुंद होत थेट बंपरपर्यंत उतरतं, म्हणजे बॅग आधी छातीपर्यंत उचला आणि मग आत टाका ही कसरत नाही. आणि तो एकच वायपर! लोक म्हणतात पैसे वाचवले, पण उलट आहे, त्याच्या बुडाशी अशी यंत्रणा आहे की कोपऱ्याकडे जाताना तो लांब होतो आणि मधे आला की आखडतो, त्यामुळे एकटाच ८६ टक्के काच पुसतो. दोन साधे वायपर लावले असते तर काम किती सोपं झालं असतं. मागचं सस्पेन्शनसुद्धा तसंच, प्रत्येक चाकाला पाच दांडे. ते आधी १९८२ च्या छोट्या मर्सिडीज १९० मध्ये आलं, मग हिच्यात.

डिझाइनचा प्रमुख होता ब्रूनो साक्को, इटलीत जन्मलेला, १९७५ ते १९९९ या खुर्चीत. त्याचा आग्रह असा की नवीन गाडी आली म्हणून आधीची एका दिवसात म्हातारी दिसता कामा नये, घराण्याची ओळख राहिली पाहिजे. माझं मत विचाराल तर आज दर तीन वर्षांनी समोरची जाळी मोठी करून फेसलिफ्ट म्हणून खपवतात ते याच्या बरोब्बर उलटं आहे. चाळीस वर्षांची गाडी अजून टापटीप दिसते याचं मोठं कारण साक्कोच.

प्रश्न: मामांची ई-क्लास पुण्यात बनलेली आहे. तेव्हा भारतात जुनं मॉडेलच का दिलं? (कोल्हापूर)

उत्तर: कारण तेच तयार होतं. १९९४ ला इथे मर्सिडीजची कंपनी झाली आणि १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) कारखान्यात गाड्या जोडायला लागले, त्या डब्ल्यू१२४. त्याच वर्षी युरोपात चार लंबगोल दिव्यांची पुढची पिढी शोरूममध्ये आली! एवढे पैसे मोजणाऱ्या माणसाला हे कळत नसेल असं समजणं म्हणजे जरा जास्तच झालं.

नंतर मात्र पारडं फिरलं. चाकणचा कारखाना २००९ चा, आणि २०१७ ला तिथून लांब ई-क्लास आली, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ३०७९ मिलिमीटर, नेहमीच्यापेक्षा १४० ने जास्त. अशी लांब गाडी चीनमध्ये होती, पण उजव्या स्टिअरिंगची पहिल्यांदा भारतासाठी केली. २०२४ ला बीएमडब्ल्यूनेही इथे ५ सिरीज लांबच आणली. कारण सरळ आहे, आपल्याकडे अशा गाडीचा मालक मागे बसतो. आणि हे काम कापड ताणल्यासारखं नसतं बरं का, मागचं दार नवीन, छताची रेघ नवीन, म्हणजे पत्र्याचे साचेही नवीन.

प्रश्न: कॉम्प्युटर असताना अजून मातीचं मॉडेल करतात? (ठाणे)

उत्तर: करतात. आत सांगाडा आणि फोम, वरून गरम करून लावलेली क्ले, पूर्ण मापाची गाडी. स्क्रीनवर छान वाटलेली रेघ खऱ्या उजेडात कधीकधी पोट सुटल्यासारखी दिसते, ते मॉडेलभोवती फिरल्यावरच कळतं. मग प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीच्या गाड्या, ओळखू येऊ नयेत म्हणून नक्षीचे स्टिकर लावून थंडीत उत्तर स्वीडनमधल्या आर्येप्लोगच्या गोठलेल्या तळ्यांवर पळवतात, इंटरनेटवर फिरतात ते चोरून काढलेले बरेच फोटो तिथलेच.

प्रश्न: सेकंडहँड डब्ल्यू१२४ घ्यावी का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: हौस आणि चांगला मेकॅनिक, दोन्ही असेल तर घ्या. साधारण १९९२ ते १९९५ च्या पेट्रोल गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने कडक होऊन तडकतं, हा जगभर माहीत असलेला दोष आहे. बॉनेट उघडून वायर हलकेच वाकवून बघा, भुगा पडला तर पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलावा लागेल, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.