वर्ग कोणी झाडायचा?

प्रश्न : जपानी शाळांबद्दल वाचून चौथीच्या ३० मुलांना वर्गसफाई लावली. पण झाडू मुलींच्याच हाती राहतो, मुलगे काढता पाय घेतात, रोज भांडणं. काय चुकतंय?
— एक शिक्षिका, जि. प. शाळा, परभणी जिल्हा

उत्तर : ताई, काम दिलंत, पण पाळी लावली नाहीत. जपानमध्ये सफाई हा ‘तोक्कात्सू’चा, म्हणजे अभ्यासक्रमातल्याच सामूहिक उपक्रमांचा भाग आहे. साधारण १५-२० मिनिटं, आणि शिक्षकही सोबत राबतात. तुम्हीही फडकं घ्या.

पुठ्ठ्याची दोन वर्तुळं कापा. मोठ्यावर पाच कामं लिहा : झाडणं, पुसणं, फळा, व्हरांडा, खिचडी वाढणं. लहानावर सहा-सहा जणांचे पाच गट, मुलगे-मुली मिसळून. मधोमध टाचणी लावून दर सोमवारी एक घर फिरवा. कुरकुर निम्मी तिथेच थांबते, कारण काम ताई नाही, चक्र ठरवतं. खोडी केली म्हणून झाडू कधीच देऊ नका. मग तो अपमान वाटतो.

वाढपाची पाळी तिकडेही मुलांचीच : एप्रन, टोपी, मास्क घालून. सगळ्यांना वाढून होईपर्यंत कुणी घास घेत नाही. जातीची अढी सुटायची ती इथेच, म्हणून ही पाळी कुणालाही चुकवू देऊ नका. पालक तक्रार घेऊन आले तर त्यांना ते चक्रच दाखवा.

उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असेल तर अर्धी बादली आणि घट्ट पिळलेलं फडकं पुरतं.

शेवटी दोन मिनिटं गोलात बसा : आज कुणाची मदत झाली, उद्या काय बदलायचं? नावं घेऊन तक्रारी मात्र नकोत. जपानमधल्या अशा बैठकांवरही हीच टीका होते, की एकाच मुलाला सगळ्यांसमोर धारेवर धरलं जातं.