तीनशेने कमी असलेल्याशी बरोबरी

"मॅडम, समोरचा चौदाशे ऐंशी रेटिंगचा पोरगा हो. आमचा सतराशे ऐंशी. आणि बरोबरी! आठवडा झाला, बुद्धिबळाच्या पटाला हात लावत नाही. क्लास बदलू का?"

सांगलीच्या विश्रामबागेतले वडील बोलत होते. तेरा वर्षांचा मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे या बुद्धिबळपटू ज्या सांगलीच्या, तिथल्या पोरानं असं खेळावं का, हेही त्यांनी त्याच्यासमोरच म्हटलं.

आधी मी रेटिंगचा, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याचा, हिशेब कागदावर मांडला. विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) तक्त्यानुसार ३०० चा फरक असेल तर वरच्या खेळाडूकडून दर डावाला ०.८५ गुण अपेक्षित असतो. दहा डावांत साडेआठ. म्हणजे सात विजय आणि तीन बरोबऱ्या झाल्या तरी हिशेब चुकत नाही! त्याच्या वयाला के-गुणक (अपेक्षेतल्या फरकाला ज्यानं गुणून रेटिंग बदलतं तो आकडा) ४०, म्हणून रेटिंग १४ ने उतरलं. जिंकला असता तर ६ ने चढलं असतं. मुलानं पहिल्यांदा वर पाहिलं.

मग स्कोअरशीट, म्हणजे डावाच्या चालींची नोंद, काढायला लावली. ५८व्या चालीला त्यानं आपलं एफ-प्यादं देऊन समोरच्याचं शेवटचं जी-प्यादं मारलं होतं. उरलं पटाच्या कडेचं एच-प्यादं आणि फक्त पांढऱ्या घरांवर चालणारा उंट. पण प्यादं जिथे पोचून वजीर होणार ते एच-८ हे कोपऱ्यातलं घर काळं. समोरचा राजा त्या कोपऱ्यात शिरला की उंट त्याला तिथून हाकलू शकत नाही; प्यादं पुढे रेटलं तर स्टेलमेट, म्हणजे शह नाही पण चालही नाही, म्हणून बरोबरी. घड्याळात अकरा मिनिटं शिल्लक असताना ही चाल त्यानं काही सेकंदांत केली होती. का? "याला तर हरवायलाच पाहिजे, लवकर संपवू म्हटलं."

काळजी करायची ती या घाईची. बरोबरीची धास्ती बसली की मुलं समान स्थितीतही उगाच प्यादी पुढे ढकलतात आणि अर्धा गुणही घालवतात.

वडिलांना सांगितलं: हॉलबाहेर "समोरचा कितीचा होता?" हा प्रश्न विचारायचा नाही. त्या रात्री जेवण आणि झोप, विश्लेषण नाही. दुसऱ्या दिवशी इंजिन (चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम) बंद ठेवून वीस मिनिटं त्यानं स्वतः डाव पाहायचा, जिथे घाई झाली तिथे खूण करायची आणि मगच सरांकडे जायचं.

पुढच्या भेटीत मुलगाच सांगत होता. त्यानं घरी तीच स्थिती मांडली आणि समोरचा एकटा राजा वडिलांना दिला. चाली जेमतेम येणाऱ्या बाबांनी एच-८, जी-८ करत चार वेळा बरोबरी काढली.