पहाटेच मेलेले मासे

प्रश्न : आमच्या इंदूरच्या वसाहतीला लागून एक लहानसा तलाव आहे. गेली सहा-सात वर्षे मी रोज सकाळी तिथल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालते. यंदा श्रावणात तीन दिवस आभाळ भरून राहिले, आणि चौथ्या दिवशी सकाळी पाहते तो काठाशी मोठमोठे मासे पांढरी पोटे वर करून तरंगत होते. लहान मासे मात्र वाचले होते. पाणी महिनाभर हिरवेगार होते. कोणीतरी विष घातले, असे सगळे म्हणतात. नातवाच्या पुस्तकात तर परिसंस्था आपला समतोल आपणच राखते, असे लिहिले आहे. मग तो समतोल एका रात्रीत कुठे गेला? आणि यात माझ्या गोळ्यांचा दोष आहे का?
– एक आजी, इंदूर

उत्तर : आजी, पाणी तपासल्याशिवाय विषाची शक्यता पूर्णपणे नाकारता येणार नाही, परंतु हिरवे पाणी, ढगाळ दिवस, सकाळची वेळ आणि केवळ मोठ्या माशांचे मरण या आपण सांगितलेल्या चारही खुणा प्राणवायूच्या तुटीच्या आहेत.

पाण्याला हिरवा रंग येतो तो सूक्ष्म शैवालामुळे. ऊन असेपर्यंत हे शैवाल अन्न तयार करते आणि पाण्यात प्राणवायू सोडते, पण श्वसन मात्र ते रात्रंदिवस करते. सूर्य मावळला की ही आवक थांबते. शैवाल, मासे आणि गाळातले जीवाणू यांचा खर्च चालूच राहतो, आणि वारा पडलेला असला तर हवेतूनही फारसा प्राणवायू पाण्यात उतरत नाही. मुळात 30 अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळून राहतो. तीन दिवस ढगांमुळे मिळकत घटली, तर उजाडण्यापूर्वीच शिल्लक संपते. त्या दिवशी आपण तासभर आधी गेला असता, तर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले असते.

आता धड्याविषयी. ‘परिसंस्था’ ही संकल्पना आर्थर टान्स्ले या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1935 मध्ये मांडली, तेव्हा सजीवांइतकेच पाणी, माती आणि हवा हेही तिचे घटक आहेत, यावर त्याचा भर होता. पुस्तकातील शैवाल, प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी), मासा आणि खंड्या ही साखळी परिसंस्थेची रचना दाखवते, पण तिचे कार्य समजायचे तर दोन निरनिराळे प्रवाह पाहावे लागतात. ऊर्जा सूर्याकडून येते आणि प्रत्येक पायरीवर बहुतांश उष्णता होऊन निघून जाते. अमेरिकेतील मिनेसोटामधल्या एका तलावाच्या अभ्यासावरून रेमंड लिंडमन यांनी 1942 मध्ये हा हिशेब मांडला. ढोबळमानाने दहावा हिस्सा पुढच्या पायरीवर पोहोचतो, म्हणूनच तलावात मासे शेकड्यांनी असले तरी खंड्या एखाददुसराच दिसतो. नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) या पोषक द्रव्यांचे तसे नाही. ही द्रव्ये निघून जात नाहीत; ती पुन्हा पुन्हा फिरत राहतात, आणि ती फिरवण्याचे काम गाळातले जीवाणू व बुरशी करतात. धड्यांमध्ये या विघटकांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते, याचे मला नेहमी वाईट वाटते, कारण तलावाचे निम्मे जगणे त्या काळ्या गाळातच चालते.

आपल्या गोळ्या याच ठिकाणी पोहोचतात. माशांनी न खाल्लेली कणीक तळाशी बसते, ती कुजवताना जीवाणू प्राणवायू वापरतात, आणि तिच्यातून व माशांच्या विष्ठेतून सुटलेले स्फुरद शैवालाला खत म्हणून मिळते. स्फुरदाचा हा प्रभाव कॅनडातील ऑन्टारिओमधल्या 226 क्रमांकाच्या तलावात 1973 साली सिद्ध झाला. संशोधकांनी मधोमध पडदा लावून त्या तलावाचे दोन भाग केले; दोन्हीकडे कार्बन आणि नत्र घातले, स्फुरद मात्र एकाच बाजूला, आणि तीच बाजू शैवालाने हिरवी झाली. तरीही आपण स्वतःला अपराधी मानू नये. मूठभर कणकेपेक्षा सांडपाणी, साबणाचे पाणी आणि निर्माल्य यांचा भार कितीतरी मोठा असतो. गोळ्या बंद करणे मात्र इष्ट, कारण तेवढे आपल्या हातात आहे.

समतोल राखला जातो, हे खरे, पण मर्यादेतच. आपल्याच शहरातील सिरपूर तलाव माणसाने बांधलेला आहे, तरी 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. म्हणजे बांधलेल्या पाण्यातही ही सारी घडी बसू शकते. त्यासाठी उथळ, गवताळ काठ शाबूत राहावे लागतात, कारण तिथली पाणकणसासारखी झाडे नत्र-स्फुरद शोषून घेतात आणि माशांच्या पिल्लांना आसरा देतात. आपल्या तलावाचा काठ सिमेंटने बांधून काढलेला आहे का, तेही कळवावे.

नातवाला एक काम द्यावे. एका पांढऱ्या ताटलीला खाली दगड आणि वर दोरी बांधून, मोठ्या माणसाच्या सोबतीने, ती दर रविवारी दुपारी पाण्यात सोडावी आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते, ते वहीत लिहून ठेवावे. आन्जेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने 1865 मध्ये समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता अशाच तबकडीने मोजली होती. ताटली वीतभर खोलीवरच नाहीशी होऊ लागली आणि आभाळही भरून आले, तर त्या रात्री पाण्यात हवा सोडणारा पंप उजाडेपर्यंत चालू ठेवण्याची व्यवस्था वसाहतीने करावी.