खेड्यातल्या गरीब माणसाला मोबाईलवरच्या डॉक्टरचा खरंच उपयोग होतो का?

होतो. पण फोन कुणी धरलाय त्यावर सगळं आहे. मी अक्कलकोट तालुक्यात आशा सेविका आहे, म्हणून लिहिते.

आमच्याकडं निम्मी घरं कानडी बोलणारी. त्यातल्याच एक आज्जी, साखरेच्या जुन्या पेशंट. दोन दिवस अंगात कणकण होती म्हणून सुनेनं ई-संजीवनी लावली, म्हणजे मोबाईलवर डॉक्टरांशी बोलायची सरकारी सोय. ओटीपी, टोकन, सगळं तिनंच केलं. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, पायाला कुठं जखम?" आज्जी म्हणाल्या, "इल्ला." औषध लिहून होतच आलं होतं. मी बीपीच्या गोळ्यांचं विचारायला गेले होते. आज्जींचा डावा पाय मांडीवर घेतला, करंगळी आणि शेजारचं बोट फाकवलं, तर आत पांढरी पडलेली ओली चीर आणि वास. त्यांना दुखतच नव्हतं! साखरेनं पायाची जाणीव जाते, मग नुसतं विचारून काय कळणार? घरात अंधार, रेंजही धड नाही. बाज अंगणात ओढली, सुनेला फोन जवळ धरायला लावला. डॉक्टर म्हणाले, "आजच्या आज सोलापूरला न्या." बोट काढावं लागलं. पाय राहिला.

माझे धाकटे दीर पुण्यात कंपनीत आहेत. मागच्या दिवाळीत सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, आता सगळं ॲपवर आलं, आशा कशाला लागतात?" भाऊजी, डॉक्टरांना ती चीर दिसली, कारण बोटं कुणीतरी फाकवली. आणि "इल्ला" म्हणजे नाही, पण ते खरं आहे का हे बघायला घरात जावं लागतं.

२०२० च्या लॉकडाऊनपासून ही सोय घरबसल्या आहे, पैसे पडत नाहीत. चालू गोळ्या, जुने रिपोर्ट, खाज-खरूज यासाठी एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही वाचतात, हे मी गावात सांगत फिरते. पण म्हाताऱ्या माणसाला एकटं फोनसमोर बसवू नका. उपकेंद्रात न्या. तिथल्या सीएचओ मॅडम, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, बीपी, साखर बघून स्वतः डॉक्टरांशी बोलतात.

हां, छातीत दुखतंय, दम लागलाय, बाळंतीण अडलीय, तर टोकनच्या नादी लागू नका, सरळ १०८ लावा.

भाऊजी, या दिवाळीला एक दिवस माझ्याबरोबर घरं फिरा. आज्जींकडंही जाऊ.