इरासचा अर्ज: त्या वाक्यात तुम्ही कुठे आहात?

प्रश्न: इंटर्नशिपमधले दोन महिने प्राथमिक आरोग्य केंद्रात काढले. अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या (डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या) 'इरास' या ऑनलाइन अर्जात, अनुभवांच्या रकान्यात 'ग्रामीण रुग्णांना दर्जेदार सेवा दिली' असं लिहिलं. मित्र म्हणतो, पोकळ वाटतं.

उत्तर: मित्राचं बरोबर आहे. हे वाक्य केंद्राच्या फलकावर शोभेल. त्यात तुम्ही कुठे आहात? खरा मजकूर तुमच्या मेलच्या शेवटी ताजा कलम म्हणून आलाय: बीपीचे ऊसतोड मजूर पुन्हा गोळ्या न्यायला येत नव्हते, म्हणून तुम्ही ओपीडीच्या रजिस्टरमध्ये पेनाने एक रकाना आखलात आणि त्यात टोळी कुठल्या फडावर उतरलीय ते लिहू लागलात. मग आशाताई तिथे जाऊन निरोप द्यायच्या. अहो, हेच लिहा! आधी अडचण, मग तुम्ही काय केलंत, मग काय बदललं. किती जण परत आले ते मोजलं असेल तरच आकडा द्या. अंदाजपंचे ठोकलात, तर मुलाखतीत नेमकं त्यावरच बोट ठेवतील. आणि वाचणाऱ्याला 'पीएचसी' किंवा 'टोळी' कळणार नाही; 'हंगामी स्थलांतरित मजूर' एवढं सांगितलं की पुरे. एका अनुभवाला जागा स्पेस धरून 750 कॅरेक्टर्सची, म्हणजे शे-सव्वाशे इंग्रजी शब्द. 'आय वॉज रिस्पॉन्सिबल फॉर'मध्ये ती उधळू नका.

प्रश्न: अर्जातले दहाही अनुभव भरावेच लागतात का? माझे सातच होतात.

उत्तर: सातच द्या. दहा ही कमाल मर्यादा आहे. एका दिवसाचं रक्तदान शिबिर ओढूनताणून आठवं केलंत, तर ते बाकीच्या सातांनाही हलकं करतं. त्यातले तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडता येतात आणि त्या प्रत्येकाला आणखी 300 कॅरेक्टर्स मिळतात. तिथे कामाची उजळणी नको, ते काम तुम्हाला का लागून राहिलं ते सांगा.

प्रश्न: ऑब्झर्वरशिपमध्ये 'रुग्ण तपासले' लिहिलं तर चालेल?

उत्तर: नाही. तिथे तुम्ही नुसतं पाहून शिकता, रुग्णाला हात लावलेला नसतो, हे वाचणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. राउंडला काय पाहिलंत, कुठली केस वाचून मांडलीत, ते लिहा.

प्रश्न: 'इम्पॅक्टफुल एक्स्पीरियन्स'मध्ये, म्हणजे आयुष्यातल्या खडतर अडचणींच्या रकान्यात, लिहिण्यासारखं दुःख माझ्याकडे नाही.

उत्तर: बरंच आहे की! तो रकाना ऐच्छिक आहे. कोरा सोडा.