एका मोसमात ६० गोल करणारा डिक्सी डीन खरा की दंतकथा?

अगदी खरा. १९२७-२८ मध्ये एव्हर्टन क्लबकडून इंग्लिश फुटबॉलच्या पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च, डिव्हिजनमध्ये त्याने ३९ सामन्यांत ६० गोल केले. आदल्याच मोसमात मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने ५९ केले होते, पण ते दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. शेवटचा सामना आर्सेनलशी, ५ मे १९२८, घरच्या गुडिसन पार्कवर. कॅमसेलला मागे टाकायला डीनला हवे होते तीन गोल! दोन लवकर झाले, मग बराच वेळ काहीच नाही. अखेर सामना संपायला थोडीच मिनिटं उरली असताना ॲलेक ट्रूपच्या कॉर्नरवर डोक्याने साठावा. सामना ३-३ बरोबरीत सुटला, पण त्याचं कुणाला काय!

हेच डोकं दोन वर्षांपूर्वी मोटरसायकल अपघातात फुटलं होतं, जबडाही मोडला होता. आणि तरीही गडी हेडरसाठीच प्रसिद्ध.

१९३३ च्या एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची क्लब स्पर्धा) फायनलमध्ये तो एव्हर्टनचा कप्तान होता, पाठीवर ९ नंबर. मँचेस्टर सिटीला ३-० हरवलं, त्यातला एक गोल त्याचा. इंग्लंडकडून मात्र फक्त १६ सामने, गोल १८. इतके कमी सामने का दिले, हे मला आजही पटत नाही. १९३८ मध्ये तो नॉट्स काउंटीला गेला.